कोल्हापूरचा आवाज, मुंबईची रांग

वाचकाचे पत्र

मी कोल्हापुरातील एका खासगी एफएम केंद्रावर आठ वर्षे सकाळचा शो केला. रस्त्यात लोक थांबवत, रिक्षावाले आवाजावरून ओळखत, अनोळखी घरांतूनही लग्नपत्रिका येत. २०१९ च्या महापुरानंतर हे प्रेम फारच वाढले. मी कधी कोणाला उलट बोललो नाही, दिसेल त्याला हात जोडले. 'एवढे नाव झाले तरी पाय जमिनीवर आहेत,' असे लोक म्हणत, आणि मलाही ते खरे वाटे. आता मी मुंबईत दुसऱ्या केंद्रावर रात्रीचा कार्यक्रम करतो आणि परळला भाड्याने राहतो. इमारतीचा वॉचमन मला अजूनही 'किस के यहाँ जाना है?' असे विचारतो. दिवाळीत कोल्हापूरला गेलो होतो. ज्या मिसळीच्या दुकानात माझ्याकडून कधीही पैसे घेतले गेले नाहीत, तिथल्या नव्या पोऱ्याने मला मागे रांगेत उभे राहायला सांगितले. माझ्या तोंडून निघून गेले, 'मला ओळखत नाहीस का?' गल्ल्यावरून मालक म्हणाले, 'वळखतोय की आम्ही. रांग तिकडनं हाय.' सगळे हसले. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, 'तुमचा नम्रपणा माइकपुरता होता, तुम्हाला आज कळलं एवढंच.' तिला हे म्हणण्याचा हक्क आहे, कारण लोकांचे माझ्याबरोबरचे फोटो वर्षानुवर्षे तीच काढून देत असे. इथल्या ऑफिसात मी 'आमच्या कोल्हापुरात' असे म्हटले की सहकारी एकमेकांकडे बघतात. माझी नम्रता खोटी होती का? मुंबईत आता कसे वागावे? आणि कोल्हापुरातील एका तालमीने महापुरातील कामाबद्दल माझा सत्कार ठेवला आहे, त्याला जावे का?
– एक वाचक, परळ

उत्तर

नमस्कार.

मिसळीच्या दुकानातले मालकांचे वाक्य तुम्ही जसेच्या तसे लिहून पाठवलेत हे बरे केलेत, कारण तुम्हाला त्यात अपमान दिसला असला तरी मला तो दिसत नाही. त्यांनी ओळख नाकारलेली नाही. ती चारचौघांत मान्य केली आणि मग रांग दाखवली. मुंबईहून एखाद्या मालिकेतील नट आला असता तर त्याच मालकांनी त्याला आत नेऊन बसवले असते, बाजूला उभे राहून फोटो काढून घेतला असता आणि तो भिंतीवर लावलाही असता. तुम्हाला टोकण्याइतके त्यांनी तुम्हाला घरचे समजले, आणि गावाने आपल्या माणसाला असे टोकणे ही कोल्हापुरात मायेचीच रीत आहे. तुम्हाला लागले असेल ते लोकांचे हसणे, आणि ते लागणे साहजिक आहे; परंतु त्या हसण्यामुळे आठ वर्षांचा हिशेब मांडायला बसण्याची गरज नव्हती. आता मांडलाच आहात तर नीट मांडू.

तुमची नम्रता खोटी नव्हती, असे मला वाटते. मात्र ती सगळी तुमची कमाई नव्हती. तिच्यातील बराच भाग शहर तुमच्याकडून करून घेत होते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती आणि बृहन्मुंबईची सव्वा कोटीच्या आसपास. साडेपाच लाखांच्या शहरात सकाळी आठ वाजता ज्याचा आवाज ऐकू येतो, तो माणूस दहा वाजता टपरीवर चहा पिताना दिसतो आणि संध्याकाळी भाजी घेताना. त्याने गंगावेशीच्या जागी चुकून रंकाळा वेशीचे नाव घेतले तर ती चूक त्याला दुपारच्या आत चार माणसे ऐकवतात, आणि त्यांतला एखादा तरी 'काय ओ, शहर विसरलायसा का?' असे विचारतो. कोणत्या पेठेतल्या खड्ड्याची तक्रार शोमध्ये घेतली आणि कोणत्या पेठेतली राहिली, याचा हिशेब ठेवणारी माणसे असतात, आणि ज्याची तक्रार राहिली तो पुढच्या आठवड्यात एखाद्या लग्नाच्या पंगतीत शेजारी येऊन बसतो. अशा ठिकाणी उर्मट राहणे परवडतच नाही. स्थानिक वृत्तपत्राचा संपादक, केबलवरच्या बातम्यांचा निवेदक, रेडिओवरचा आरजे, हे सगळे तिथे हात जोडून बोलतात. त्यांतले काही जण मनानेही तसे असतात आणि काही जण केवळ सवयीने. तुम्ही कोणत्या गटातले, हे कळायला ते शहर सोडावे लागले, एवढाच त्या प्रसंगाचा अर्थ मी घेते.

प्रसिद्धीच्या आकाराबद्दलही एक कोरडी गोष्ट सांगून टाकते, कारण सहकारी ज्यामुळे एकमेकांकडे बघतात तिचे मूळ तिथे आहे. माणूस किती ओळखला जातो हे त्याच्या गुणांवर ठरते तितकेच त्याच्या शेजारी आणखी किती जण उभे आहेत यावरही ठरते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर अनेक वर्षे घरोघरी तेवढी एकच वाहिनी दिसत असे. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे यांनी तिथे बातम्या वाचल्या. त्यांची गुणवत्ता वादातीत आहे. तरीही महाराष्ट्राला त्यांचे चेहरे पाठ झाले यात पडद्यावर दुसरा चेहराच नसण्याचा वाटा होता. कोल्हापुरात खासगी एफएम केंद्रे मोजकी आहेत. मुंबईत ती बरीच अधिक आहेत, शिवाय गाडीत बसलेला माणूस मोबाइलवरची गाणी ऐकतो. इथे कोणी तुम्हाला ओळखत नाही म्हणून तुम्ही कमी झालात असे नाही, आणि तिथे सगळे ओळखत होते म्हणून तुम्ही तेवढे मोठे होतात असेही नाही. पहिली गोष्ट तुम्ही चटकन मान्य कराल, दुसरी मान्य करायला थोडे दिवस लागतील.

आता महापुराकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड भाग तोच आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उरकला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे, हे कोल्हापुरातले शाळकरी पोरही सांगते. पुणे-बंगळूरू महामार्ग काही दिवस बंद होता, पाणीपुरवठ्याचे पंप पाण्याखाली गेले होते, आणि अशा वेळी घराच्या माळ्यावर बसलेल्या माणसाला रेडिओवरून फूट आणि इंच ऐकू येणे म्हणजे मोठाच धीर होता. तुम्ही तो दिलात. त्याचे मोल मी कमी करत नाही. परंतु ते फूट तुम्ही मोजले नव्हते. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. २०११ च्या धोरणानुसार पूर, पाणी, वीज यांसारखी माहिती स्थानिक प्रशासनाकडून येईल तशी सांगता येते. म्हणजे बंधाऱ्यावर पावसात उभा राहून पट्टीवरचा आकडा वाचणारा पाटबंधारे खात्याचा कर्मचारी, नियंत्रण कक्षात फोन घेणारी बाई, बोट वल्हवणारे जवान, कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन आलेली तालमीची पोरे, या सर्वांचे काम तुमच्या आवाजातून घराघरांत पोहोचत होते. लोकांना आवाज तेवढा ओळखीचा होता, म्हणून आभारही आवाजाचेच मानले गेले.

माध्यमांत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असे दुसऱ्यांचे आभार येतात. त्यात त्याचा दोष नसतो. ते आभार तो पुढे पोहोचवतो की स्वतःजवळ ठेवून घेतो, यावरून माणूस कळतो. तुम्ही त्या काळात शोमध्ये त्या कर्मचाऱ्याचे नाव विचारून घेतले होते का, नियंत्रण कक्षातल्या बाईंना दोन मिनिटे बोलायला बोलावले होते का, हे पत्रात लिहिलेले नाही. केले असेल तर पत्नीला त्याची आठवण करून द्या, तिचे मत थोडे बदलेल. नसेल केले, तर तुमच्या हात जोडण्यात नेमके काय राहून जात होते ते तुम्हाला त्यावरून कळेल.

फुकटच्या मिसळीचे पाहू. तुम्ही 'पैसे घेतले गेले नाहीत' असे लिहिले आहे; तुम्ही पैसे पुढे केले होते की नाही, ते लिहिलेले नाही. कोल्हापूरचा दुकानदार पैसे परत खिशात कोंबतो, हे मलाही ठाऊक आहे, आणि दरवेळी त्याच्याशी झगडत बसणे हाही एक तमाशाच होतो. अशा वेळी मालकांकडे न देता ते पोऱ्याच्या हातात ठेवून निघायचे असते. या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. ज्या दुकानात तुम्ही फुकट खात होतात, त्याचे नाव शोमध्ये कितीदा घेतलेत? जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणारा आणि व्यापारी यांच्यात ऐकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही असा काही देण्याघेण्याचा संबंध असेल तर तो उघड करावा, असे त्यांत म्हटले आहे. एका प्लेटसाठी कोणी तुमच्यावर कारवाई करणार नाही. पण शेजारच्या गल्लीत तितकीच चांगली मिसळ करणारा आणि तुम्हाला न ओळखणारा माणूस तुमचा शो ऐकत असेल, तर त्याला ही गोष्ट नियमावली न वाचताही कळते. यापुढे ज्याचे खाल त्याचे नाव हवेत घेऊ नका, आणि ज्याचे नाव घ्याल त्याचे पैसे चुकते करा. मुंबईत हे पाळणे सोपे जाईल, इथला वडापाववाला आधी पैसे हातात घेतो आणि मग पाव कापतो.

पत्नीचे म्हणणे तुम्ही टोमणा म्हणून घेतले आहे. मला ते साक्षीदाराचे निवेदन वाटते. महाद्वार रोडवर तुम्ही एखाद्या कुटुंबाच्या मधोमध उभे आहात, हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू, आणि समोर हातातल्या पिशव्या खाली ठेवून त्यांच्याच मोबाइलवर तुमचा फोटो काढणारी तुमची पत्नी. 'वहिनी, अजून एक' असे कोणीतरी म्हणत असणार. त्या सर्व वर्षांत 'ही माझी पत्नी, हिलाही घ्या' असे तुम्ही किती वेळा म्हणालात? श्रोत्यांशी अदबीने वागणे हा तुमच्या व्यवसायाचाच भाग होता, त्यातून केंद्राला श्रोते मिळत आणि तुम्हाला पगार. ज्या माणसाकडून काहीही मिळणार नव्हते, किंवा जे मिळायचे ते गृहीतच धरलेले होते, त्याच्याशी तुम्ही कसे वागलात हे तिने पाहिले आहे. तिला विचारा आणि ती बोलत असताना मध्ये खुलासा करू नका. रेडिओवरच्या माणसाला ते जड जाईल याची मला कल्पना आहे. तुमच्या धंद्यात दोन सेकंदांची शांतता हीसुद्धा चूक धरली जाते.

मुंबईत कसे वागावे, या प्रश्नाचे उत्तर त्यामानाने लहान आहे. 'आमच्या कोल्हापुरात' हे शब्द टाकून देऊ नका, त्यांच्यापुढे काय येते ते बदला. 'आमच्या कोल्हापुरात मला लोक थांबवायचे' हे ऐकण्यात सहकाऱ्यांना रस नाही, तो कोणालाच नसतो. 'आमच्या कोल्हापुरात पाणी येणार नसले की आम्ही सकाळी साडेसहालाच सांगायचो, कारण सातला बायका हंडे भरायला लागतात' हे ऐकायला मात्र ते खुर्ची जवळ ओढतील, कारण ऐकणारा माणूस त्या वेळी घरात काय करत असतो याची अशी बारीक जाण मोठ्या शहरातल्या केंद्रांवर पुष्कळदा नसते. तुमचा इथला कार्यक्रम रात्रीचा आहे. रात्री परळमध्ये केईएमच्या वॉर्डात ड्यूटीवर असलेली नर्स जागी असते, स्टँडवर गाडी लावून बसलेला टॅक्सीवाला जागा असतो आणि तुमच्या इमारतीचा वॉचमनही जागा असतो. तो तुम्हाला रोज प्रश्न विचारतो याचा तुम्हाला त्रास होतो, आणि त्याचे नाव काय हे तुमच्या पत्रात नाही. श्रोत्याचे नाव विचारणे हे आठ वर्षे तुमचे कामच होते, ते इथे फाटकापासून सुरू करता येईल.

याच मुंबईत अमीन सयानी होऊन गेले. १९५२ पासून रेडिओ सिलोनवरून त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, इथे ध्वनिमुद्रित होऊन टेप कोलंबोला जात, आणि उपखंडभर लोक आठवड्यातून एकदा त्या आवाजासाठी रेडिओभोवती बसत. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी एक पाक्षिक चालवत असत आणि तरुणपणी अमीन त्यांना त्या कामात हातभार लावत. नुकतेच अक्षर शिकलेल्या माणसाला कळेल अशी सोपी हिंदुस्तानी लिहायची, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले आणि पुढे माइकसमोर तेच त्यांच्या उपयोगी पडले. श्रोत्याला लाजवेल असा शब्द वापरायचा नाही, ही त्यांची अदब वाक्यावाक्यात होती. ती दिसण्यासाठी हात जोडावे लागत नव्हते, आणि रेडिओवर जोडलेले हात तसेही कोणाला दिसत नाहीत. रात्रीच्या कार्यक्रमाची संहिता लिहिताना हे मनात ठेवा. तुम्हाला कोणी ओळखत नाही ही त्या कामासाठी उलट सोय आहे.

त्या पोऱ्याची माफी मागावी का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणार. मागा, दोन शब्दांत, तो मोकळा असेल तेव्हा. त्याचा प्रसंग करू नका. त्याच्या खांद्यावर हात टाकून काढलेला फोटो आणि खाली 'या मुलाने मला धडा शिकवला' असा मजकूर, हे सध्या फार चालते आणि त्यात त्या मुलाला कोणी विचारलेले नसते. दिवाळीतली गर्दी, नवी नोकरी आणि समोर ओळख सांगणारा माणूस असूनही त्याने रांग मोडू दिली नाही. त्याचे मालक त्याच्यावर खूश असतील, त्याला तुमच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही.

राहिला सत्काराचा प्रश्न. जा. नाकारणे हेही पुष्कळदा मोठेपणाचेच एक रूप असते, आणि तालमीच्या मंडळींनी प्रेमाने बोलावले असताना मुंबईहून 'मी त्या लायक नाही' असा निरोप पाठवणे त्यांना आखडल्यासारखे वाटेल. मात्र जाण्याआधी तालमीच्या अध्यक्षांना सविस्तर फोन करा. महापुरात त्यांच्याच तालमीची कोणती पोरे पाण्यात उतरली होती ते विचारा, सत्कार त्यांच्यासह व्हावा असे सुचवा, आणि जमल्यास त्या आठवड्यात आकडे कळवणाऱ्या पाटबंधारे खात्यातल्या कोणाला बोलावता येईल का तेही पाहायला सांगा. ते ऐकतील की नाही हे सांगता येत नाही. कोल्हापुरात एकदा फेटा बांधायचा ठरला की तो ज्याच्यासाठी आणला त्यालाच बांधला जातो. त्यांनी नाही म्हटले तर वाद घालू नका, भाषणाची पाच मिनिटे तुमच्याच हातात असतात, ती त्या पोरांच्या नावांवर खर्च करा. नावे आधी लिहून घ्या, आडनावांसकट, म्हणजे चुकणार नाहीत. पत्नी बरोबर येणार असेल तर तिची खुर्ची कुठे ठेवली आहे ते जाताच पाहून घ्या. आणि परिचयाचा मजकूर तुम्हीच लिहून सूत्रसंचालकाकडे पाठवा, कारण तो त्यांच्यावर सोडलात तर 'महापुराचा आवाज' अशी एखादी पदवी चिकटणार हे नक्की. नाव, सध्याचे काम, आणि कोल्हापुरात आठ वर्षे सकाळचा शो केला, एवढ्या दोन ओळी पुरेत.